दंतवैद्य तयार झाला, हे कसे ठरवायचे?

एमबीबीएस झालेली मुलगी दुसऱ्या दिवशी कुणाच्या पोटावर शस्त्रक्रिया करत नाही. तिच्यापुढे पदव्युत्तर शिक्षणाची वर्षे असतात, वरिष्ठांच्या हाताखालच्या रात्रपाळ्या असतात. बीडीएस झालेल्या मुलीला ही सवड नाही. चार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्षाची इंटर्नशिप, राज्य दंत परिषदेत नोंदणी. मग भाड्याच्या गाळ्यात खुर्ची बसवून ती कायदेशीरपणे रुग्णाच्या दाढेत ड्रिल घालू शकते. अडलेच तर शेजारी विचारायला कुणी नसते. दाताचे काम बहुतांशी न परतणारे, हेही आहेच. कोरून काढलेले इनॅमल पुन्हा येत नाही.

त्यामुळे विद्यार्थी तयार झाला की नाही, हा प्रश्न दंतवैद्यकात लवकर येतो आणि जास्त टोचतो. गेली तीन-चार दशके त्याला दिले जाणारे एक उत्तर म्हणजे क्षमताधारित शिक्षण. किती वर्षे वर्गात काढली, किती तास भरले, किती दात काढले यावरून पदवी देऊ नये. पदवीच्या दिवशी हा माणूस कोणती कामे स्वतंत्रपणे आणि सुरक्षितपणे करू शकतो ते आधी ठरवावे आणि मागे येत अभ्यासक्रम आखावा, असे ही पद्धत सांगते. भारतात एमबीबीएसने हा रस्ता २०१९ मध्ये धरला. बीडीएसमध्ये त्याची भाषा कागदावर आली आहे, व्यवहारात तो अर्धवट उतरला आहे आणि नव्या कायद्यामुळे हा विषय पुन्हा चर्चेला आला आहे. ही चर्चा आज कुठे उभी आहे, ते या लेखात पाहू.

तास, खुर्च्या आणि कोटा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दाताचे काम उस्तादाच्या हाताखाली शिकले जाई. अमेरिकेत १८४० मध्ये होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांनी बाल्टिमोरला जगातले पहिले दंत महाविद्यालय काढले आणि हा व्यवसाय वर्गात आला. पण वर्ग म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे लवकरच कळले. शिक्षणतज्ज्ञ फ्लेक्सनर यांनी कार्नेगी प्रतिष्ठानासाठी १९१० मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांची झडती घेतली. त्याच प्रतिष्ठानासाठी कोलंबिया विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम गीज यांनी १९२६ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दंतशिक्षणाचा अहवाल दिला. दंतवैद्यकाला वैद्यकाच्या बरोबरीचे स्थान द्या, ते विद्यापीठात आणा, त्याला विज्ञानाचा पाया द्या, असे त्यांचे म्हणणे. आजच्या अभ्यासक्रमात आधी शरीररचना आणि शरीरक्रिया, मग साहित्यशास्त्र, मग रुग्ण, अशी जी उतरंड दिसते तिच्यामागे हा विचार आहे.

आपल्याकडे डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा दंतवैद्य कायदा झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. परिषदेने स्वाभाविकपणे मोजता येणाऱ्या गोष्टी मोजल्या: विषयवार तास, डेंटल चेअर्स, शिक्षकसंख्या, ओपीडीतले रुग्ण. तपासणीला आलेला माणूस खुर्च्या मोजू शकतो. शिकवण्याचा परिणाम मोजणे त्याच्या हातात नसते.

परीक्षाही याच साच्यातली. २००७ च्या नियमावलीप्रमाणे लेखी विषयाचे १०० गुण म्हणजे ७० ची उत्तरपत्रिका, २० ची तोंडी आणि १० अंतर्गत. प्रात्यक्षिकाला ९० आणि १०. शेवटच्या वर्षाला आठ क्लिनिकल विषय एकदम. प्रत्येक विभागात विद्यार्थी ठरावीक आठवडे फिरतो, ठरावीक कामे करतो, जर्नलमध्ये साइन घेतो. या ठरावीक कामांना सगळ्या दंत महाविद्यालयांत एकच शब्द आहे, कोटा. इतकी स्केलिंग, इतकी फिलिंग, इतक्या कवळ्या. इंटर्नच्या मुखशल्य विभागातल्या नेमणुकीत ५० दात काढणे अपेक्षित असते.

कोट्याची थट्टा करणे सोपे आहे आणि क्षमतावाद्यांनी ती पुष्कळ केली आहे. पण कोट्यामागे शहाणपण होते. हाताला वळण पुनरावृत्तीनेच लागते. एका मोलरचे रूट कॅनल पाहून कुणाला ते येत नाही. कोट्याची खरी अडचण दुसरीकडे आहे. पन्नासावा दात काढणारा मुलगा पहिल्यापेक्षा बरा आहे का, हे कोटा विचारत नाही. एका विद्यार्थ्याचे हात विसाव्या दाताला बसतात, दुसऱ्याचे ऐंशीव्यालाही बसत नाहीत, आणि जर्नल दोघांचे सारखेच भरलेले असते. शिवाय कोटा पुरा करायचा तर रुग्ण हवेत. ते मिळाले नाहीत की विद्यार्थी मामा-मावशांपासून वसतिगृहाच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांची तोंडे उघडून पाहतो आणि उपचार कोणाला कशाची गरज आहे यापेक्षा कोणत्या विभागाचा कोटा उरला आहे यावर ठरू लागतात. रुग्णाच्या तोंडाचा एकत्र विचार करायची सवय तिथेच मोडते.

कल्पना कुठून आली

क्षमताधारित शिक्षणाचा उगम दंतवैद्यकात नाही. अमेरिकेत १९६० आणि ७० च्या दशकांत शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही कल्पना रुजली, तिथून व्यवसायशिक्षणात गेली. आरोग्यक्षेत्रात तिला मान्यता मिळाली ती १९७८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने प्रकाशित केलेल्या मॅकगॅगी, मिलर आणि सहकाऱ्यांच्या पुस्तिकेमुळे. समाजाच्या आरोग्याच्या गरजा आधी पाहा, त्या भागवायला डॉक्टरला काय यायला हवे ते ठरवा आणि मग विषय नेमा, असे त्यांचे सूत्र होते.

याच जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक त्रिकोण मांडला, जो आज शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रत्येक कार्यशाळेत पडद्यावर दिसतो. तळाला माहीत असणे, त्यावर कसे करायचे ते माहीत असणे, त्यावर करून दाखवणे, आणि टोकाला प्रत्यक्ष कामात करणे. लेखी परीक्षा तळाचे दोन थर मोजते, प्रात्यक्षिक परीक्षा तिसरा. टोकापर्यंत पारंपरिक परीक्षा पोचतच नाही.

दंतवैद्यकात हा विचार पद्धतशीरपणे आणला डेव्हिड चेंबर्स यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक विद्यापीठात शिकवणाऱ्या चेंबर्स यांचे या विषयावरचे लेख १९९३ पासून अमेरिकन दंतशिक्षणाच्या नियतकालिकात आले. कौशल्य कसे वाढते याबद्दलच्या ड्रायफस बंधूंच्या मांडणीवरून त्यांनी नवशिका ते निष्णात अशा पायऱ्या घेतल्या आणि सक्षम ही पायरी मधली आहे हे ठामपणे सांगितले. पदवीधर निष्णात असणे अपेक्षितच नाही. देखरेखीशिवाय काम सुरू करता येईल आणि आपल्याला काय येत नाही हे ओळखता येईल, इथवर तो पोचला की शाळेचे काम झाले. माझ्या मते या साऱ्या साहित्यातली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे आणि ती वारंवार विसरली जाते. महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत पदवीधर जागतिक दर्जाचा तज्ज्ञ म्हणून बाहेर पडत असतो.

पुढे याद्या आल्या. अमेरिकेतल्या दंतशिक्षकांच्या संघटनेने १९९७ मध्ये नव्या दंतवैद्याच्या क्षमता जाहीर केल्या. २००८ च्या आवृत्तीत सहा क्षेत्रांत मिळून ३९ होत्या. कॅनडाने ४७ ठरवल्या. युरोपात पदव्यांची परस्पर मान्यता हा व्यावहारिक प्रश्न होता. लिस्बनमध्ये शिकलेला दंतवैद्य स्टॉकहोममध्ये काम करू शकतो, तर दोघांना निदान काय यायला हवे? युरोपीय दंतशिक्षण संघटनेने आपला दस्तऐवज २००४ च्या सुमारास तयार केला, काही वर्षांनी सुधारला आणि २०१७ मध्ये नव्याने मांडला. ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलने १९९७ मध्ये पहिल्या पाच वर्षांबद्दलची मार्गदर्शिका काढली, २०११ मध्ये अपेक्षित परिणामांची रचना आणली आणि २०२३ मध्ये तीही बदलली. ब्रिटनच्या आधीच्या चौकटीत 'सुरक्षित नवशिक्या' ही कल्पना मध्यवर्ती होती. पण तिथे सरकारी आरोग्यसेवेत शिरणारा पदवीधर आधी एक वर्ष अनुभवी दंतवैद्याच्या देखरेखीखाली फाउंडेशन ट्रेनिंग करतो. यादी उचलताना ही पुढची शिडीही त्या यादीचा भाग आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

बाजूने काय म्हटले जाते

क्षमताधारित पद्धतीच्या समर्थकांचा पहिला मुद्दा उत्तरदायित्वाचा. रुग्णाला, पालकाला, सरकारला पदवीचा अर्थ कळला पाहिजे. '६२ टक्के' या आकड्यातून पदवीधराला मुलांच्या दातांवर काम करता येते की नाही हे समजत नाही, आणि आठपैकी सात विषयांतले गुण आठव्यातली गंभीर उणीव झाकू शकत नसले तरी एका विषयाच्या आत असे झाकणे रोज घडते. तोंडीत तरबेज आणि हाताने कच्चा विद्यार्थी पास होतो.

दुसरा मुद्दा एकत्रीकरणाचा. रुग्ण विभागांत वाटून येत नाही. मधुमेह असलेल्या, हिरड्या सुजलेल्या, दोन दात हलणाऱ्या आणि कवळी मागणाऱ्या साठीच्या बाईला पाहून उपचारांचा क्रम लावणे, हे कुठल्याही एका विभागाच्या कोट्यात बसत नाही. क्षमतांच्या यादीत मात्र सर्वंकष उपचार-आराखडा ही स्वतंत्र नोंद असते. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांनी त्यापायी विभागवार ओपीडीऐवजी सर्वसाधारण क्लिनिक उभी केली, जिथे एक विद्यार्थी एका रुग्णाचे सगळे काम शेवटपर्यंत पाहतो.

तिसरा मुद्दा ज्या गोष्टी पूर्वी 'आपोआप येतील' असे धरले जाई त्यांचा: रुग्णाशी बोलणे, संमती घेणे, खर्च आधी सांगणे, आपल्या आवाक्याबाहेरचे काम पुढे पाठवणे. ग्राहक तक्रारींच्या जमान्यात या गोष्टी शोभेच्या राहिलेल्या नाहीत.

शंका घेणारे

विरोधकांतही कळकळीचे शिक्षक आहेत. जुने टिकवू पाहणारे म्हणून त्यांना झटकणे अन्यायाचे होईल. ब्रिटनच्या जॅनेट ग्रँट यांनी १९९९ मध्ये घेतलेला आक्षेप अजून उत्तर मागतो. व्यावसायिक कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा तपासला तरी तुकड्यांची बेरीज म्हणजे ते काम होत नाही. अमेरिकेतल्या हडल आणि ह्यूडबर्ट यांनीही पुढे वैद्यकातल्या निर्णयक्षमतेबद्दल याच दिशेची शंका मांडली. दात काढता येणे ही एक क्षमता. आज हा दात काढू नये हे कळणे कोणत्या रकान्यात टाकायचे?

दुसरी शंका यादीच्या लांबीची. यादी जितकी नेमकी करावी तितकी ती लांबते. आटोपशीर करावी तर इतकी ढोबळ होते की तिच्यावरून कुणाला नापास करता येत नाही. अमेरिकेतल्या दंतवैद्याला ३९ नोंदी पुरतात आणि भारतातल्या एमबीबीएसच्या तीन खंडांत त्या अडीच हजारांवर जातात, यावरून दोन्ही टोके दिसतात. लांब यादीचे पुढे काय होते हे कुठल्याही शिक्षकाला विचारावे. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत रकाने भरले जातात.

तिसरी शंका किमान पातळीबद्दल. सक्षम किंवा असक्षम अशी दोनच खाती ठेवली, तर उत्तम काम करणाऱ्याला आणखी चांगले करण्याचे कारण काय? समर्थक म्हणतात की किमान पातळी म्हणजे छत नव्हे. व्यवहारात विद्यार्थी जे तपासले जाते तेच शिकतो, हेही तितकेच खरे.

आणि चौथी गोष्ट पुराव्याची. क्षमताधारित अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या दंतवैद्यांच्या रुग्णांचे दात जास्त टिकतात, असे नि:संदिग्धपणे दाखवणे फार अवघड आहे. पदवीनंतरच्या कामावर दवाखान्याची जागा, साधने, रुग्णाची ऐपत, सहकारी, या सगळ्यांचा परिणाम होतो. या विषयावरचे बहुतेक लेखन विद्यार्थी आणि शिक्षकांच्या मतांवर किंवा परीक्षेतल्या कामगिरीवर थांबते. पारंपरिक पद्धतीच्या बाजूनेही असा पुरावा नाही, हे समर्थक लगेच जोडतात, आणि त्यात तथ्य आहे.

सगळे अडते ते मूल्यमापनात

यादी करणे हे या प्रकरणातले सर्वांत सोपे काम. चार अनुभवी शिक्षक एका खोलीत बसवले तर आठवड्यात होते. अमुक विद्यार्थिनीला अमुक काम येते असे म्हणून त्याखाली सही करायची कुणी आणि कशाच्या आधारावर, इथे गाडी रुतते.

दंतवैद्यकाला इथे एक फायदा आहे. हातचे काम डोळ्यांना दिसते, मोजता येते. पोकळीची खोली, कडांचा कोन, कवळीची बसण. तरीही एकच कॅव्हिटी दोन परीक्षकांना दिली तर गुण वेगळे पडतात, आणि त्याच परीक्षकाला काही दिवसांनी पुन्हा दिली तरी वेगळे पडतात. दंतशिक्षणातल्या संशोधनात हे कित्येक दशकांपासून पुन्हा पुन्हा आढळले आहे. निकष लिहून काढल्याने, परीक्षकांना आधी एकत्र बसवून सराव दिल्याने फरक घटतो, नाहीसा होत नाही.

रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी डंडीला १९७५ मध्ये मांडलेली ऑस्की ही परीक्षा या प्रश्नावरचे एक उत्तर. विद्यार्थी काही मिनिटांच्या अनेक टप्प्यांवर फिरतो, प्रत्येक ठिकाणी वेगळे काम, वेगळा परीक्षक, ठरलेली गुणपत्रिका. नशिबाचा आणि एका परीक्षकाच्या लहरीचा भाग कमी होतो. पण टप्पे कमी ठेवले तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही, जास्त ठेवायचे तर माणसे आणि जागा लागते. आणि पाच मिनिटांत रूट कॅनल होत नाही. ऑस्कीत एक्स-रे वाचता येतो, संमती घेता येते, औषध लिहिता येते. दीड तासाचे काम मात्र मिलरच्या त्रिकोणाच्या वरच्या टोकालाच राहते.

जिवंत रुग्णावर परीक्षा घ्यावी का, हा वाद अमेरिकेत सर्वांत कडवा झाला. तिथे परवान्यासाठी उमेदवाराने स्वतः रुग्ण आणायचा आणि वेळ लावून त्याच्यावर उपचार करायचे, अशी पद्धत अनेक राज्यांत होती. परीक्षेला शोभेल अशीच आणि तेवढीच कीड असलेला रुग्ण शोधणे, त्याला पैसे देणे, परीक्षेच्या तारखेपर्यंत त्याची दाढ तशीच ठेवणे, असे प्रकार घडत. अमेरिकन डेंटल असोसिएशनसह अनेकांनी यावर नैतिक आक्षेप घेतला. दुसरी बाजू म्हणे की लाळ, जीभ, भीती, रक्त यांच्याशिवायची परीक्षा ही परीक्षाच नव्हे. २०२० च्या कोविड साथीने निकाल लावला नाही, पण तोल हलवला. रुग्ण बोलावणेच अशक्य झाल्यावर बऱ्याच राज्यांनी मॅनिकिनवरची परीक्षा स्वीकारली, त्याच वर्षी परवान्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची ऑस्कीही सुरू झाली. कॅलिफोर्नियाने त्याआधीच तिसरा मार्ग काढला होता: शिक्षण चालू असताना नियमित रुग्णांवर केलेल्या कामांचा, ठरलेल्या निकषांवर तपासलेला पोर्टफोलिओ.

हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यापीठ परीक्षेसाठी रुग्ण मिळवणे ही महाराष्ट्रातल्या दंत विद्यार्थ्यांचीही जुनी धास्ती आहे. सकाळी येतो म्हणालेला रुग्ण एसटी चुकल्यामुळे आला नाही, तर कुणाची क्षमता मोजली गेली?

या अनुभवांतून अलीकडे दोन विचार पुढे आले. मास्ट्रिख्टचे व्हॅन डर व्ल्यूटेन आणि शूविर्थ सांगतात की कुठल्याही एका परीक्षेवर निकाल टांगू नका. वर्षभर अनेक छोटी निरीक्षणे घ्या, प्रत्येक वेळी विद्यार्थ्याला काय चुकले ते सांगा आणि हा सगळा साठा पाहून समितीने निर्णय द्यावा. युट्रेख्टचे ओले टेन काटे यांनी २००५ पासून मांडलेला विचार शिक्षकांना जास्त जवळचा वाटतो. त्यांचा प्रश्न असा: हे काम मी हिच्यावर सोपवू शकतो का, आणि किती देखरेखीत? शेजारी उभे राहून, हाकेच्या अंतरावर थांबून, की नंतर फक्त पाहून? चांगला शिक्षक हा निर्णय ओपीडीत रोज घेतच असतो. त्याला नोंदीचे रूप दिले, एवढेच. दंतवैद्यकात अशा सोपवण्याजोग्या कामांच्या याद्या गेल्या दशकात तयार होऊ लागल्या आहेत.

दोन्ही विचारांना एकच गोष्ट लागते, ती म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्याकडे पाहणे. पाहून जे दिसले ते तोंडावर सांगणे आणि गरज पडली तर नापास करणे. अभ्यासांतून दिसते की कच्चा विद्यार्थी ओळखूनही त्याला अडवणे शिक्षक टाळतात. तक्रारीची, कागदपत्रांची, पालकांची धास्ती असते. हा प्रश्न कोणत्याही तक्त्याने सुटलेला नाही.

भारतात काय झाले, काय चालले आहे

२००७ च्या बीडीएस नियमावलीत पदवीधराच्या क्षमतांची यादी आहे, हे अनेकांना ऐकून आश्चर्य वाटते. ज्ञान, कौशल्य, दृष्टिकोन अशी उद्दिष्टे आहेत, रुग्णसंवाद आणि नीतीही आहे. पण त्याच नियमावलीतली परीक्षा ७०-२०-१० ची आहे. विद्यार्थी गुणपत्रिका वाचतो, उद्दिष्टे वाचत नाही. २०२२ मध्ये भारतीय दंत परिषदेने सत्र आणि श्रेयांक पद्धतीचा मसुदा चर्चेला ठेवला. त्यावर मते उलटसुलट होती. दरम्यान नॅकच्या मूल्यांकनाच्या तयारीत बऱ्याच अभिमत विद्यापीठांनी परिणामाधारित शिक्षणाची चौकट आणली. प्राध्यापकांच्या खोलीत तिला 'सीओ-पीओ मॅपिंग', म्हणजे विषयाचे परिणाम पदवीच्या परिणामांशी जुळवणे, म्हणतात आणि हे शब्द उच्चारताना चेहरे फारसे उजळत नाहीत.

एमबीबीएसचा अनुभव इथे शेजारीच आहे. २०१९ च्या तुकडीपासून नवा अभ्यासक्रम आला. सुरुवातीचा पायाभरणी वर्ग, पहिल्या वर्षापासून रुग्णाची ओळख, वृत्ती-नीती-संवाद यांचा स्वतंत्र भाग, शिक्षकांसाठी कार्यशाळा. काही महिन्यांतच साथ आली आणि पहिली तुकडी पडद्यासमोर शिकली, त्यामुळे त्या प्रयोगाचा निवाडा करणे अवघड झाले. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या महाविद्यालयांत शिक्षक पुरेसे होते तिथे लहान गटांचे शिकवणे आले, जिथे नव्हते तिथे वेळापत्रकात फक्त नावे बदलली.

दंत महाविद्यालयांची स्थिती याहून नाजूक आहे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खासगी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत रुग्णांची रांग असते. शहरापासून दूर, विस्तीर्ण आवारातल्या काही महाविद्यालयांना बस पाठवून रुग्ण आणावे लागतात. क्षमता मोजायची ती रुग्णावर. तो नसेल तर मोजमाप कागदावर होणार. हॅप्टिक सिम्युलेटर हा उपाय सुचवला जातो. अॅमस्टरडॅमच्या दंत महाविद्यालयाच्या सहभागाने विकसित झालेल्या सिमोडाँटसारख्या यंत्रात हाताला दाताचा कठीणपणा जाणवतो, विद्यार्थी एकच काम हवे तितक्या वेळा करू शकतो. पण ही यंत्रे महाग आहेत आणि घाबरलेल्या सहा वर्षांच्या मुलाला तोंड उघडायला लावणे ती शिकवत नाहीत.

दुसरा ओढा पदव्युत्तर प्रवेशाचा. नीट-एमडीएस ही बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा. इंटर्नशिपचे वर्ष, म्हणजे हात बसण्याचे वर्ष, त्या तयारीत जाते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या दारातून आत जायचे त्याची किल्ली ते शोधतात.

उसन्या याद्यांबद्दलही एक मुद्दा इथलाच आहे. विदर्भातल्या दंतवैद्याला खर्रा ठाऊक हवा, कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात मशेरी लावणाऱ्या बाईला त्या सवयीबद्दल कसे विचारावे हे कळायला हवे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी तोंड दोन बोटेही न उघडणारा पंचविशीतला तरुण ओपीडीत येतोच. तोंडातली कर्करोगपूर्व लक्षणे वेळेत ओळखणे, तंबाखू सोडण्याबद्दल रुग्ण पुन्हा येईल अशा रीतीने बोलणे, ही इथल्या नवशिक्या दंतवैद्याची पहिल्या क्रमांकाची क्षमता ठरावी. युरोपच्या दस्तऐवजात ती आहे, पण अनेकांतली एक म्हणून. १९७८ च्या पुस्तिकेने समाजाच्या गरजेपासून सुरुवात करा म्हटले होते. याद्या मात्र बहुधा दुसऱ्या यादीपासून सुरू होतात.

न सुटलेले

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीच तो केला गेला. शिक्षण, महाविद्यालयांचे मूल्यांकन आणि नीती-नोंदणी यांसाठी तीन वेगळी मंडळे, आणि कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत पदवीधरांसाठी एकसमान राष्ट्रीय निर्गम परीक्षा, अशी त्याची रचना. ही परीक्षा परवान्यासाठीही आणि एमडीएसच्या प्रवेशासाठीही. इथे दोन उद्देश एकमेकांच्या आड येतात. परवान्याच्या परीक्षेने सगळ्या सक्षमांना पास करायला हवे. प्रवेशाच्या परीक्षेला उमेदवारांची क्रमवारी लावायची असते. एमबीबीएससाठी याच धर्तीवरची परीक्षा जाहीर होऊन पुढे ढकलली गेली, तिच्यावरच्या चर्चेतही ही ओढाताण दिसली. दंतवैद्यकात भर पडते ती हातच्या कामाची. ते देशभर एकाच मापाने तपासायचे तर मॅनिकिन, केंद्रे आणि परीक्षक यांची व्यवस्था उभी करावी लागेल. नाही तपासले तर परवाना पुन्हा मिलरच्या त्रिकोणाच्या तळावर मिळेल.

संख्येचा प्रश्नही सुटलेला नाही. शुद्ध क्षमतावादात कोट्याला जागा नाही. पण बहुतेक शाळांनी तडजोड केली आहे: अमुक कामे केल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही आणि परीक्षा मात्र गुणवत्तेची. मला ही तडजोड लाजिरवाणी वाटत नाही. पुरेशी संधी मिळाली याची खात्री आकडा देतो, तिचे काय झाले ते निरीक्षण सांगते.

सर्वांत अवघड आहे ती वेळ. या विचाराचा मूळ दावा असा की क्षमता स्थिर ठेवा, वेळ बदलू द्या. ज्याला चार वर्षांत येते तो चारमध्ये, ज्याला पाच लागतात तो पाचमध्ये. जगभर फार थोड्या ठिकाणी हे घडते आणि दंतवैद्यकात तर नावापुरतेच. आपल्याकडे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या उन्हाळी-हिवाळी परीक्षा ठरलेल्या आहेत, वसतिगृहाच्या खोल्या ठरलेल्या आहेत, पुढची तुकडी दारात उभी आहे. सहा महिने जास्त लागणाऱ्या विद्यार्थिनीची त्या सहा महिन्यांची फी कोण भरणार, तिची शिष्यवृत्ती चालू राहील का, तिला अधिक सरावासाठी खुर्ची आणि रुग्ण कोणत्या विभागाने द्यायचे? ही उत्तरे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत नाहीत. ती शुल्क नियामक प्राधिकरणाकडे, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे आणि समाजकल्याण खात्याच्या शिष्यवृत्ती नियमांकडे मागावी लागतील.